उंची नसलेला किल्ला

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाली कॅम्पातल्या आमच्या घरी बाबांनी वर्तमानपत्रातली ती नावे चहा निवेपर्यंत एकेक करून मोठ्याने वाचून दाखवली. बागलाणातल्या साल्हेरचे नाव वाचून ते थोडे थांबले. पंधराशे मीटरांहून उंच असलेला हा आमच्या जिल्ह्यातला किल्ला त्यांनी तोफखान्यातून निवृत्त झाल्यावर दोनदा चढलेला आहे. आता वय सत्त्याहत्तर, आणि डावा गुडघा जिन्याच्या चौथ्या पायरीला कुरकुरतो. "साल्हेर काही आता आपल्याच्याने व्हायचा नाही," ते म्हणाले. "यातला चढ नसलेला कुठला, तेवढा बघ."

मी बघितले. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग पाण्यात आहेत. तिथे चढ नाही, पण हलत्या होडीतून उतरताना गुडघ्यावर जो भार येतो तो चढापेक्षा वाईट. जिंजी तमिळनाडूत. उरलेले बहुतेक सह्याद्रीच्या माथ्यावर. राहता राहिला विजयदुर्ग. देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या मुखाशी, जमिनीची एक जीभ समुद्रात शिरली आहे आणि तिच्या टोकावर हा किल्ला आहे; म्हणजे गाडी थेट किल्ल्याजवळ जाते. डिसेंबरात आम्ही दोघे निघालो. नाशिक ते कोल्हापूर एक दिवस, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी गगनबावड्याचा घाट उतरून वैभववाडी, तळेरे आणि मग आंब्याच्या बागांमधून वळणे घेत विजयदुर्ग. या प्रवासाबद्दल सांगण्यासारखे एवढेच की बाबांनी घाटात एकदाही डोळे मिटले नाहीत आणि तळेऱ्यानंतर एकदाही उघडले नाहीत.

नाशिककराला किल्ला म्हणजे काय, हे लहानपणीच ठरून जाते. शहराच्या उत्तरेला रामशेज, पश्चिमेला अंजनेरी, त्र्यंबकेश्वराच्या पलीकडे हरिहर. यांतल्या कुठल्याही किल्ल्याकडे बघायचे तर मान वर करावी लागते. किल्ल्याचा अर्थच मुळी आमच्याकडे 'वर' असा आहे. रामशेज तर काही फार उंचही नाही, आणि तरी छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात १६८२ पासून तो मोगली फौजांना वर्षानुवर्षे हाती लागला नाही, ही गोष्ट आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. त्यामुळे गिर्ये गावाच्या सड्यावरून, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावरून, रस्ता खाली उतरू लागला आणि समोर, रस्त्याच्याही खालच्या पातळीवर, समुद्राला टेकलेला काळपट-तांबूस तट दिसला, तेव्हा माझी खरोखर निराशा झाली. मी मान खाली करून किल्ला बघत होते. बाबा जागे झाले होते. ते म्हणाले, "हा तर जमिनीवरच आहे गं!"

असे वाटलेले आम्ही पहिलेच नव्हतो, आणि ही गोष्ट मला या किल्ल्याच्या इतिहासातली सगळ्यात बोलकी वाटते. मराठी आरमार सांभाळणाऱ्या आंग्र्यांच्या काळात इंग्रज या किल्ल्याला घेरिया म्हणत, गिर्ये गावावरून. मुंबईच्या इंग्रजांमध्ये घेरियाची दहशत अशी होती की तो एखाद्या दुर्गम उंच कड्यावर असावा अशी त्यांची समजूत झाली होती. कमोडोर विल्यम जेम्स याने १७५५ च्या एप्रिलात सुवर्णदुर्ग घेतला होता; त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला घेरियाची पाहणी करायला पाठवले गेले. तो जवळ आला, आणि परत जाऊन त्याने कळवले की आपण ऐकले होते तसे इथे काहीच नाही, किल्ला उंच म्हणावा असा नाही, आणि मोठी जहाजे अगदी जवळ नेता येतील एवढे पाणी इथे आहे. या अहवालातली पहिली दोन वाक्ये माझ्यासारख्या कुठल्याही घाटावरच्या माणसाने लिहिली असती. तिसरे मात्र दर्यावर्दी माणसाचे आहे, आणि किल्ल्याचे पुढचे भवितव्य त्या तिसऱ्या वाक्याने ठरवले.

किल्ल्यात शिरताना आधी मारुतीचे छोटे देऊळ लागते, मग तट डाव्या-उजव्या हाताला वळत वळत आपल्याला आत घेतो. मुख्य दरवाजा गोमुखी बांधणीचा असल्यामुळे तो समोर येईपर्यंत दिसत नाही. वळणावर हल्लेखोराला वेग घेता येऊ नये आणि हत्तीला धडक मारायला जागा मिळू नये, हा त्यातला हिशेब घाटावरच्या किल्ल्यांसारखाच. जमिनीच्या बाजूला पूर्वी खंदक होता, त्यामुळे एका अर्थी हा किल्ला चारही बाजूंनी पाण्यात उभा असे. आतला विस्तार सुमारे १७ एकरांचा आहे. मूळ किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला, बाराव्या शतकाच्या अखेरीचा मानला जातो. पुढे तो आदिलशाहीकडे गेला, शिवाजी महाराजांनी तो जिंकून त्याला विजयदुर्ग हे नाव दिले आणि एकात एक अशी तिहेरी तटबंदी उभारून त्याचा पूर्ण कायापालट केला. सदर, दारूचे कोठार, खलबतखाना, चुन्याची घाणी, पाण्याचे तलाव यांवरून माहिती देणारा तरुण मुलगा आम्हाला भराभर पुढे नेत होता, कारण बहुतेक पर्यटकांना शेवटच्या बुरुजावर जाऊन फोटो काढायचे असतात. बाबा मात्र पहिल्याच बुरुजावर अडकले.

त्यांनी तोफेच्या झरोक्यात वाकून पाहिले, मग खाली पाणी पाहिले, मग पुन्हा झरोका पाहिला. तोफखान्यात चोवीस वर्षे काढलेल्या माणसाची किल्ला बघण्याची पद्धत वेगळी असते. आपण झरोक्यातून समुद्र बघतो, ते झरोक्यातून कोन बघत होते. मग त्यांनी जे सांगितले त्याने माझी निराशा जागच्या जागी संपली, म्हणून ते थोडे विस्ताराने लिहिते.

तोफ उंच कड्यावर ठेवली की ती दूरवर मारा करते हे खरे, पण तिचे तोंड खाली किती झुकवता येईल याला मर्यादा असते. त्यामुळे कड्याच्या पायथ्याशी एक असा पट्टा राहतो जिथे वरून गोळा पोहोचतच नाही. शत्रू एकदा त्या पट्ट्यात घुसला की वरच्या तोफेचा उपयोग संपला. डोंगरी किल्ल्यावर ती उणीव कडा स्वतः भरून काढतो, कारण पायथ्याशी आलेल्या माणसाला पुढे चढायचे असते आणि वरून दगड लोटले तरी पुरतात. जहाजाला चढायचे नसते. ते पायथ्याशी येऊन उभे राहिले तरी त्याचे काम झाले. शिवाय उंचावरून सुटलेला गोळा पाण्यात तिरपा शिरतो आणि बुडतो, म्हणजे नेम चुकला की गोळा वाया. पाण्याच्या पातळीपासून थोड्याच उंचीवर ठेवलेल्या तोफेचा गोळा मात्र जवळपास आडवा जातो. नेम थोडा कमी पडला तरी तो पाण्यावरून उडी मारून पुढे जातो, लहानपणी गोदेच्या डोहात आपण चपटा दगड भाकरीसारखा फिरकवत नेतो तसा, आणि जहाजाच्या लाकडी कुशीत पाण्याच्या रेषेजवळ शिरतो. जहाज बुडवायचे तर भोक तिथेच पडायला हवे. "वर बांधला असता तर चुकला असता," बाबा म्हणाले. "ज्याने बांधला त्याला तोफ कळत होती."

तटाला हात लावून त्यांनी दगडही पाहिला. हा जांभा. आमच्याकडचा काळा बसाल्ट घणाने फोडावा लागतो. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत राहून कठीण होतो, आणि त्याच्या अंगभर बारीक छिद्रे असतात. असा दगड गोळा लागल्यावर तडकून त्याच्या कपच्या उडण्याऐवजी गोळा पोटात घेत असेल, असा बाबांचा अंदाज. तो मी अंदाज म्हणूनच नोंदवते, कारण तसा प्रयोग करून बघण्याची त्यांची इच्छा मला वेळीच दिसली होती.

तिथून पुढे आम्ही फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेने, चालत उत्तरेच्या बाजूला गेलो, आणि तिथे किल्ल्याचे मुख्य काम डोळ्यांसमोर आले. आतापर्यंत मी किल्ला बघत होते; उत्तरेच्या तटावरून बंदर दिसते. समोर वाघोटण खाडीचे रुंद तोंड, पलीकडे रत्नागिरी जिल्ह्याची हिरवी किनारपट्टी, उजवीकडे खाडी आत वळून डोंगरांमागे नाहीशी होते. पश्चिमेच्या उघड्या समुद्रावर लाटा फुटत होत्या आणि किल्ल्याच्या आडोशाला पाणी तलावासारखे स्थिर होते. मच्छीमारांच्या होड्या त्या आडोशातच नांगरलेल्या होत्या. मराठी आरमारातल्या गुराबा आणि गलबते उथळ पाण्यातून चालणारी होती. गलबतांना शिडाबरोबर वल्हीही असत. मागे मोठे जहाज लागले तर ती खाडीत खूप आत, जिथे खोल बुडाच्या जहाजाला येण्याची हिंमत होणार नाही तिथपर्यंत निघून जात. ही खाडी कित्येक मैल आत जाते. म्हणजे डोंगरी किल्ल्यावर जे काम उंची करते ते इथे उथळ पाणी करते, आणि किल्ला हा त्या पाण्याच्या दारावर बसलेला पहारेकरी आहे. ज्याचे रक्षण करायचे ते तटाच्या आत नाहीच. ते तटाबाहेर, पाण्यावर तरंगते आहे.

कान्होजी आंग्र्यांच्या हयातीत हे दार कुणाला उघडता आले नाही. १७२० मध्ये इंग्रजांनी इथे हल्ला केला तेव्हा त्यांनी मुंबईत मुद्दाम सपाट बुडाचा एक तरंगता तोफखाना बांधून आणला होता, म्हणजे उथळ पाण्याची अडचण त्यांच्या लक्षात आली होती. पण त्याच्यावरच्या तोफांना हवी तेवढी उंची देता येईना आणि गोळे पुरेसे दूर जाईनात. हे ऐकून बाबा इतके हसले की शेजारचे एक कुटुंब वळून बघू लागले. १७२४ मध्ये डचांनी मोठी जहाजे घेऊन येऊन पाहिले, त्यांनाही परत जावे लागले. पश्चिमेला समुद्रात, किल्ल्यापासून थोड्या अंतरावर, पाण्याखाली दगडांची एक लांबलचक भिंत आहे आणि तिच्यावर आपटून शत्रूची जहाजे फुटत, असे आमच्या वाटाड्याने रंगवून सांगितले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी तिथे भिंतीसारखी दगडी रचना पाहिली आहे हे खरे. पण किल्ल्याचा पुढचा इतिहास वाचताना मला त्या भिंतीचे कौतुक करणे अवघड जाते, कारण जेव्हा खरा घाला आला तेव्हा तो त्या बाजूने आलाच नाही.

फेब्रुवारी १७५६. कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांच्यातले वैर विकोपाला गेले होते, आणि पेशव्यांनी आपल्याच राज्याच्या आरमाराविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. जमिनीवरून पेशव्यांची फौज, समुद्रातून ॲडमिरल वॉटसनचा काफिला, आणि त्याच्याबरोबर रॉबर्ट क्लाइव्ह, ज्याची प्लासी अजून सव्वा वर्ष दूर होती. तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेला होता. १२ फेब्रुवारीला इंग्रजी जहाजे दोन रांगा करून सरळ खाडीच्या तोंडात शिरली आणि मी जिथे उभी होते त्या उत्तरेच्या तटासमोर नांगर टाकून उभी राहिली. जेम्सने पाणी मोजून नेले होते ते याचसाठी. आणि आंग्र्यांचे सारे आरमार त्या वेळी कुठे होते? किल्ल्याच्या आडोशाला, एकमेकांना बांधल्यासारखे दाटीवाटीने उभे.

काफिल्यात उखळी तोफा असलेली खास जहाजे होती. उखळी तोफेचा गोळा तटावर आपटत नाही. तो वर चढतो आणि तटाच्या पलीकडे, वरून खाली पडतो. त्यातला एक पेटता गोळा 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनीच पूर्वी इंग्रजांकडून पकडून आणलेले. ते पेटले, त्याच्यावरून आग शेजारच्यावर गेली, शेजारच्यावरून पुढच्यावर, आणि ज्या आरमाराला पश्चिम किनारा दोन पिढ्या वचकून होता ते काही तासांत आपल्याच बंदरात जळून गेले. १३ तारखेला किल्ला पडला. इंग्रजांची हानी वीसच्या आसपास माणसांची.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. तोफखान्यातल्या माणसाला शत्रूच्या गोलंदाजाचे कौतुक करावे की नाही असा पेच पडला असावा. शेवटी ते एवढेच म्हणाले, की दारूगोळ्याच्या गाड्या एकमेकींना चिकटवून उभ्या करायच्या नाहीत, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

मला राग आला तो मात्र पुण्याचा. तुळाजी काही साधुपुरुष नव्हता, पेशव्यांच्या मुलखालाही त्याचा उपद्रव होता, हे सगळे मान्य करूनही घरचे भांडण सोडवायला शेजारच्या चोराला किल्ली देण्यासारखा हा व्यवहार होता असे माझे मत आहे. मोहिमेवर निघण्यापूर्वीच इंग्रज अधिकाऱ्यांनी लुटीची आपसातली वाटणी ठरवून टाकली होती आणि त्यात मराठ्यांचा वाटा नव्हता. पेशव्यांच्या सैन्याआधी किल्ल्यात आपण शिरावे म्हणून क्लाइव्ह रात्रीतच जमिनीवर उतरला होता. सुमारे दहा लाखांची लूट त्यांनी नेली, किल्ला द्यायला टाळाटाळ केली, आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरात बाणकोट पदरात पाडून घेतल्यावर विजयदुर्ग सोडला. तुळाजीचे उरलेले आयुष्य कैदेत गेले. पुढे पेशव्यांचे आरमार इथूनच चालले, आनंदराव धुळपांच्या हाताखाली. १७८३ मध्ये धुळपांनी 'रेंजर' हे इंग्रजी जहाज झुंजून पकडले, तेव्हा या बंदरात पुन्हा एकदा परके जहाज ओढून आणलेले दिसले. पण १७५६ पूर्वीचे दिवस काही परत आले नाहीत, आणि १८१८ मध्ये किल्ला कायमचा इंग्रजांकडे गेला.

किल्ल्यावर एका जागी 'सायबाचे ओटे' दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकियर या शास्त्रज्ञाने इथून हेलियमचा शोध लावला, असे सांगितले जाते आणि दर वर्षी त्या तारखेला इथे हेलियम दिन साजरा होतो. कौतुकाची गोष्ट आहे, पण तारीख जुळत नाही. त्या ग्रहणाचे गाजलेले निरीक्षण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरहून केले. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता आणि सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा त्याने ऑक्टोबरात तिथूनच, ग्रहणाशिवाय पाहिली. तो विजयदुर्गला आला हे मात्र खरे आहे, तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्या वेळी 'मेलपोमिनी' ही ब्रिटिश युद्धनौका याच बंदरात होती आणि तिच्यावरच्या खलाशांनी दुर्बिणी आणि इतर उपकरणे मांडायला हातभार लावला. म्हणजे ओटे खोटे नाहीत, फक्त त्यांच्यावर दुसऱ्याच ग्रहणाची सावली पडली आहे. वाटाड्याला मी हे सांगितले. त्याने नम्रपणे ऐकून घेतले आणि पुढच्या गटाला १८६८ च सांगितले.

दुपारी जेवून आम्ही खाडीत आत असलेली जुनी आरमारी गोदी बघायला होडी केली. बाबा होडीत बसणार नाहीत असे मी गृहीत धरले होते. ते माझ्याआधी बसले. रामेश्वर गावाच्या बाजूला खडक फोडून केलेला हा प्रचंड हौद आहे, लांबी शंभर मीटरांच्या वर. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरले की ते कोरड्यावर बसते, मग त्याचे बूड खरवडायचे, फळ्या बदलायच्या, आणि काम झाले की पुन्हा भरतीची वाट बघायची. वाफेचे यंत्र नाही, पंप नाही. समुद्र दिवसातून दोनदा येतो आणि जातो एवढ्या एका भरवशावर सगळा कारखाना. किल्ल्यावर जितके लोक होते त्याच्या शतांशही इथे नव्हते. गोदीच्या कडेला झुडपे माजली आहेत. जागतिक वारशाच्या पाट्या किल्ल्यापाशी लागतील तेव्हा लागोत, पण त्या लावणाऱ्यांनी एक पाटी इथेही आणावी, कारण ज्या आरमारासाठी तो किल्ला होता ते या हौदात दुरुस्त होत असे.

परतताना ओहोटी लागली होती. जाताना ज्या जागेवरून सरळ गेलो तिथून येताना होडीवाल्याने लांबचा वळसा घेतला, आणि मी का म्हणून विचारल्यावर हाताने पाणी दाखवत म्हणाला, "ह्या पाणी दिसता तसा नाय." मला तर सगळीकडे एकच हिरवट पृष्ठभाग दिसत होता. बाबा पुढे वाकले. त्यांनी इतका वेळ मनात धरलेला प्रश्न असावा, कारण तो त्यांनी एखाद्या अधिकाऱ्यासमोर विचारावा तसा नीट विचारला: इथे, या जागी, पाणी किती खोल आहे?

"आत्ताचा सांगू, की सांजेचा?" होडीवाला म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता त्याने हातातला बांबू उभा पाण्यात सोडला. तो तळाला टेकला. त्याने तो वर काढून आडवा धरला, आणि ओल कुठपर्यंत आली आहे ते बाबा वितीने मोजू लागले.